फोनच्या खोक्यावर नेटवर्कची माहिती छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यात तापकीर गल्लीत किंवा लक्ष्मी रस्त्यावर फोन घेताना गिऱ्हाईक कॅमेरा, बॅटरी, रॅम विचारतं. माझ्या सिमवर यातून वाय-फाय कॉलिंग (मोबाइलची रेंज नसली तरी वाय-फायवरून नेहमीच्या नंबरने कॉल) होईल का, हे क्वचितच विचारलं जातं.

आपल्याकडे फोन वेगळा, सिम वेगळं. त्यामुळे फोनवर मोबाइल कंपनीचा ताबा नाही असा समज आहे. तो अर्धाच खरा. व्होल्टी (४जीवरून होणारे कॉल), वाय-फाय कॉलिंग आणि ५जी चालायला फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या त्या कंपनीच्या नेटवर्कची सेटिंग्ज लागतात. फोन बनवणारा आणि नेटवर्क चालवणारा अशा दोघांनी चाचण्या केल्याशिवाय ती येत नाहीत. देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. आधीच विकलेल्या ५जी आयफोनवर ते सर्वांसाठी चालू झालं डिसेंबरात, आयओएस १६.२ आल्यावर. फोन तोच होता आणि पैसेही पूर्ण मोजलेले होते.

त्यातही जिओचं ५जी स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं, तर एअरटेलची सुरुवात नॉन-स्टँडअलोनने, म्हणजे ४जीच्या आधाराने. फोनमध्ये स्टँडअलोन चालू केलेलं नसेल तर जिओच्या सिमवर तो ४जीवरच राहतो. पेठांतल्या जाड भिंतींच्या वाड्यांत आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी लवकर दमतात, ७०० च्या आतवर पोचतात. म्हणून जिओ वापरणाऱ्याने फोनमध्ये एन७८ (३३०० चा) बरोबर एन२८ (७०० चा) बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, आहे का, हे जरूर पाहावं.

दुकानात त्याच मॉडेलच्या डेमो फोनमध्ये आपलं सिम घाला. वाय-फाय कॉलिंग चालू करा, फ्लाइट मोड लावा, मग फक्त वाय-फाय सुरू करून कॉल करा. लागला तर सुविधा खरोखर आहे. सेटिंग्जमध्ये ते बटणच दिसत नसेल, तर त्या फोन-सिमच्या जोडीला बहुधा मंजुरी नाही. अशा वेळी दुकानदाराच्या 'अपडेटमध्ये येईल' यावर विसंबू नये. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेला आयफोन तिकडच्याच कंपनीला बांधलेला नाही ना, यासाठी सेटिंग्जमध्ये जनरल, अबाउट, कॅरिअर लॉक असं जाऊन 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसतं का ते पाहावं. आयफोन १४ पासून तिकडच्या फोनला सिमचा ट्रेच नाही, ई-सिमच (कार्डाशिवाय फोनमध्येच भरलं जाणारं सिम) घ्यावं लागतं.

फोन बनवणाऱ्यांना आणि नेटवर्क चालवणाऱ्यांना नियामक वळवू शकतो, हे २०१८ मध्ये दिसलं आहे. नकोसे जाहिरातींचे कॉल-मेसेज रोखणाऱ्या डीएनडी अ‍ॅपला लागणाऱ्या परवानग्या सहा महिन्यांत न देणारे हँडसेट नेटवर्कवरून काढावे लागतील, असा नियम ट्रायने (दूरसंचार नियामकाने) जुलैत केला आणि नोव्हेंबरात ते अ‍ॅप अ‍ॅपलच्या स्टोअरवर आलं. तीच धमक आता दाखवावी. खोक्यावर आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावर किमतीशेजारी ५जीचे बँड छापायला लावावेत. प्रत्येक मोबाइल कंपनीपुढे व्होल्टी, वाय-फाय कॉलिंग आणि स्टँडअलोन ५जी आज चालतं का, आणि सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीपासून, हेही तिथेच यावं.

आपला,
एक वाचक, पुणे