इंटरमिजिएटनंतर चित्र कुठे लावायचे?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस खुले पत्र

स. न. वि. वि.

चित्रकलेचा विषय म्हटला की पत्रे सांस्कृतिक कार्य खात्याकडे जातात. पण कला संचालनालय आपल्या खात्यात येते, म्हणून आपल्यालाच लिहितो आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी नुकतेच एक चित्रप्रदर्शन झाले. चित्रकार पिठाची गिरणी चालवतो. शाळेत चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली, त्यापुढे जे आले ते स्वतःच्या हाताने. चित्रे काळ्या बॉलपेनची, अगदी बारीक रेघांची. एकात विहीर उलटी होऊन आभाळात टांगली आहे आणि बायका शिडी लावून पाणी भरताहेत. दुसऱ्यात एसटीच्या खिडक्यांतून प्रवाशांऐवजी कणसे डोकावतात; माणूस एकटा कंडक्टर, तोही कमरेपर्यंतच काढलेला. हे सगळे मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये, सुतळीला कपड्यांचे चिमटे लावून टांगलेले. पंखा लावला की विहिरीसकट सगळे फडफडायचे. ‘याचा अर्थ काय?’ असे लोक विचारत. तो म्हणे, ‘बघा की जरा वेळ.’ आणि बघत होते हो लोक! बाजाराच्या पिशव्या खाली ठेवून बघत होते. तिसऱ्या दिवशी हॉल सोडावा लागला, लग्न होते.

अशांना आपण ‘हौशी’ म्हणून मोकळे होतो. रवींद्रनाथ टागोरांनीही चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. हस्तलिखितातली खाडाखोड जोडता जोडता त्यांचे ते विचित्र प्राणी जन्मले आणि १९३० साली पॅरिसला त्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. आपल्या ठाण्याचे चित्रकार सुधीर पटवर्धन २००५ पर्यंत रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत. चित्रकला त्यांची त्यांनीच कमावली. फरक एवढाच, की ठाण्याहून मुंबईतल्या काळा घोड्याची कलादालने लोकलने गाठता येतात. आमच्याकडून तिथली जहांगीर आर्ट गॅलरी म्हणजे रात्रभराची एसटी, वर चित्रांचे गाठोडे, दालनाचे भाडे, आणि तेवढे दिवस गिरणी बंद.

साहेब, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला आपले संचालनालय लाखो मुलांकडून स्मरणचित्र, संकल्पचित्र काढून घेते, दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळतात. ते चांगलेच आहे. पण त्यातला जो कला महाविद्यालयात जात नाही, तो सरकारच्या लेखी तिथेच संपतो.

मागणी फार मोठी नाही. जिल्ह्याच्या गावी एक बरी खोली द्या. भिंतीला फ्रेम अडकवायची सोय, डोळ्यांवर न येणारा उजेड आणि चित्र विकले गेले नाही तरी परवडेल असे भाडे. अर्जात पदविकेचा रकाना नको. नवी इमारत बांधायचा घाट तर मुळीच नको, त्यात दहा वर्षे जातील. जिल्हा नियोजनातून जुन्याच एखाद्या सभागृहाची डागडुजी करा. आणि राज्य कला प्रदर्शनाच्या निवडीसाठी कोणी जाणकार या खोल्यांतून वर्षातून एकदा फिरवा.

आमच्या चित्रकाराला पुढचे प्रदर्शन दिवाळीनंतर भरवायचे आहे. तुळशीची लग्ने लागली की हॉल मिळत नाही, तेव्हा उत्तर त्याआधी आले तर बरे.

आपला,
एक प्रेक्षक