वाळू राहिली तर कासव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणातल्या कासवांवरची आपली रविवारची पुरवणी वाचली. फोटो सुरेख आहेत. पण गावाने काय केलं, ते चार ओळींत उरकलंय, म्हणून हे पत्र.

गेल्या मार्चात आम्ही घरचे पाच जण रात्रभर गाडी करून भडगावहून रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवाची पिल्लं बघायला गेलो होतो. सकाळी सहाला किनाऱ्यावर सगळे डोळे ताणून बसले. घरट्यावर झाकलेली टोपली उचलली, तर खाली नुसती वाळू! नातू रडवेला झाला. संध्याकाळी मात्र अकरा पिल्लं निघाली. त्यांना उचलून पाण्यात सोडत नाहीत, काही अंतरावर वाळूत ठेवतात आणि ती आपली आपण समुद्राकडे चालत जातात. एक उलटं पडलं तेव्हा पन्नास माणसांचा श्वास अडकला होता.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री येते, वाळूत शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवून निघून जाते. पूर्वी ती अंडी कुत्री, कोल्हे उकरत आणि माणसंही नेत. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेतलं. आता कासवमित्र पहाटे किनारा पायी पालथा घालतात, घरटं सापडलं की अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात आणि पुढे दीड-दोन महिने राखण करतात. पाहुण्यांना घरोघरी उतरवून गावाला चार पैसेही मिळतात. ओडिशात 2021 साली खूण लावलेली एक मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. केवढा हा वळसा!

परत आल्यावर आमच्या ऐंशी वर्षांच्या आत्याने विचारलं, "कासव देखाले इतला दूर गयात? आपली गिरणामा काय कमी व्हतात?"

उत्तर सुचलं नाही. आमच्या गिरणा नदीत, तापीत मऊ पाठीची कासवं आहेत, ती काठच्या वाळूत-मातीत अंडी घालतात, आणि कायद्याने त्यांनाही संरक्षण आहे. लहानपणी आम्ही डोहाच्या कडेला ऊन खाणारी कासवं मोजायचो. आता त्या काठावर रात्री डंपरचे दिवे दिसतात. सकाळी पाहावं तर पुरुषभर खोल खड्डे. वेळासच्या लोकांनी जीव तोडून राखण केली हे खरंच, पण राखायला त्यांच्याकडे वाळू तरी होती. आमच्याकडे वाळूच घराच्या स्लॅबमध्ये जाऊन बसते. (माझ्याही घराचा स्लॅब त्याच वाळूचा आहे, हेही कबूल करतो.)

मागणी फार मोठी नाही. वाळू घाटाचा लिलाव ठरण्याआधी वन विभागाच्या माणसाने काठाने एकदा चालावं. सोबत गावातले मासेमारी करणारे भोई घ्यावेत. कासव कुठे बसतं, कुठे उकरतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. जिथे घरटी दिसतील तेवढा पट्टा लिलावातून वगळावा. शाळांच्या सहली कोकणात जरूर जाव्यात, पण त्याआधी एक पहाट गिरणाकाठी काढावी. आमच्या गल्लीतली सात-आठ पोरं तयार आहेत. आत्याही म्हणतेय, काठी घेऊन येते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, भडगाव (जि. जळगाव)