इशारा नव्हे, धमकीच

राजकीय भाषेच्या घसरणीवरील आपला अग्रलेख पटला. एक मुद्दा मात्र राहून गेला. हल्लीची धमकी व्याकरणाच्या आडोशाने येते. ‘आमचे कार्यकर्ते गप्प बसणार नाहीत’, ‘होणाऱ्या परिणामांना प्रशासन जबाबदार राहील’ या वाक्यांत मारणारा कुठेच दिसत नाही. हात दुसऱ्याचे, जबाबदारी तिसऱ्याची. ऑगस्ट २०२१ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री नारायण राणे यांना मुख्यमंत्र्यांच्या कानशिलात लगावण्याच्या वक्तव्यावरून अटक झाली, ते वाक्यही ‘असतो तर’ याच घडणीचे होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ नुसार धमकावणे हा गुन्हा आहे. पण त्यात घाबरवण्याचा किंवा भाग पाडण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो आणि असे वाक्य तिथेच निसटते.

अशा वेळी वृत्तपत्रांत मथळा येतो, ‘नेत्याचा इशारा’. इशारा हवामान खाते देते. पाऊस पाडणे वा थांबवणे त्याच्या हाती नसते. इथे बोलणाऱ्याच्याच हाती सारे असते. ज्या तहसीलदाराला किंवा गावच्या वार्ताहराला ते समोर बसून ऐकावे लागते, त्याला अर्थ अचूक कळतो. आपण तरी मथळ्यात ‘धमकी’ हाच शब्द छापावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा