बेसबॉल : घड्याळ लावून भागेल?

महोदय,

अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलचा प्रेक्षक कंटाळला तो सामने लांबतात म्हणून, हे निदान अर्धेच आहे. 2021 मध्ये नऊ इनिंगचा सामना सरासरी 3 तास 10 मिनिटे चाले. 2023 पासून पिचरला (चेंडू फेकणाऱ्याला) घड्याळ लावले: बेस (धावताना गाठायचे टप्पे) रिकामे असतील तर चेंडू फेकायला 15 सेकंद, धावपटू असेल तर 20 (पुढच्या वर्षी 18). उशीर झाला की बॅटरला फुकट 'बॉल' (असे चार झाले की तो न मारताच पहिल्या बेसवर जातो; तोच 'वॉक'). सामना 2 तास 40 मिनिटांवर आला; चांगलेच झाले.

पण चेंडू मैदानात येतोच कुठे? 2018 मध्ये स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन, म्हणजे संधी संपून, बॅटर बाद) प्रथमच हिट्सपेक्षा (चेंडू मारून बेस गाठण्यापेक्षा) जास्त झाले. ताज्या दमाचे रिलीव्हर (बदली पिचर) एकामागून एक येऊन ताशी 95 मैलांहून वेगाने फेकतात, बॅटरही साधी हिट सोडून होम रनसाठीच (चेंडू कुंपणापार धाडण्यासाठीच) बॅट फिरवतो. मग स्ट्राइकआउट, वॉक नाहीतर होम रन. सात क्षेत्ररक्षक नुसते उभे! यावर घड्याळ काय करणार?

शिवाय ब्लॅकआउट, म्हणजे ठरावीक भागात थेट प्रक्षेपणावर बंदी. आयोवा राज्यात एकही मेजर लीग संघ नाही, तरी केबल वाहिन्यांच्या प्रादेशिक हक्कांपायी लीगच्या सशुल्क स्ट्रीमिंगवर तिथे वर्षानुवर्षे शेजारचे सहा संघ थेट दिसत नसत. शिकागोचे तर दोन्ही.

– एक वाचक