ओपन डी शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

खासगी पत्र पाठवलं असतं, तर तुम्ही "बरं बरं" म्हणून ते टेबलाच्या खणात टाकलं असतं. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिचेल मला आज ना उद्या कुणीतरी ऐकवलीच असती. तुमचे आभार आहेत ते ती क्रमाने ऐकवल्याबद्दल. मी हौसेने आणलेली निवडक गाण्यांची सीडी तुम्ही न उघडताच परत दिलीत. "१९६८ पासून सुरू कर. एक अल्बम पचल्याशिवाय पुढचा मिळणार नाही."

आणि आधी गिटार. ती ओपन डीमध्ये लावायला सहापैकी चार तारा तुम्ही उतरवल्यात: सहावी आणि पहिली ईवरून डीवर, तिसरी जीवरून एफ शार्पवर, दुसरी बीवरून एवर. पाचवी नि चौथी जागच्या जागी. मग डावा हात पाठीमागे ठेवून सगळ्या तारा छेडायला लावल्यात. सा प सा ग प सा! तंबोऱ्यावर वाढलेल्या माझ्या कानाला ते लगेच आपलं वाटलं. नवव्या वर्षी झालेल्या पोलिओमुळे जोनीच्या डाव्या हातात ताकद कमी राहिली, नेहमीचे कॉर्ड धरणं जड जायचं, म्हणून ती तारांचे सूरच बदलत गेली, हे तुम्ही त्यानंतर सांगितलंत. ते आधी सांगितलं असतं, तर मी नुसतं हळहळत ऐकलं असतं.

'ब्लू'पाशी (१९७१) मी मुक्कामच ठोकला. काही गाण्यांत मांडीवर आडवं घेऊन वाजवायचं डल्सिमर, कुठे नुसता पियानो. साथ इतकी मोजकी की गाणारीला आडोसाच नाही. त्यापुढे काही ऐकायची माझी इच्छा नव्हती. तुम्ही मात्र 'कोर्ट अँड स्पार्क' (१९७४) लावलंत: ड्रम्स, सॅक्सोफोन, जॅझवाल्यांचा अख्खा ताफा. पाठोपाठ १९७५ चा 'द हिसिंग ऑफ समर लॉन्स', ज्यात ती स्वतःबद्दल बोलायचं जवळपास सोडून इतरांच्या श्रीमंत घरांत डोकावते. मला राग आला होता. तेव्हाच्या बऱ्याच समीक्षकांनाही आला होता म्हणे.

'हेजिरा'च्या (१९७६) वेळी तुमची अट होती, पहिल्या खेपेला फक्त बास ऐकायचा. जॅको पास्टोरियसचा तो फ्रेटलेस, म्हणजे पडद्यांविना बास खाली मुकाट ठेका धरत नाही. गळ्याच्या शेजारी उभा राहून स्वतःचं काही सांगत राहतो. मोटारीने अमेरिका ओलांडताना यातली बहुतेक गाणी तिला सुचली. ध्रुवपद असं फारसं नाहीच, कॉर्ड घरी परतायची घाई करत नाहीत. आणि 'ब्लू'मधला तो उघडेपणा इथेही आहे, फक्त आता त्याला मैलोन्‌मैल जागा मिळालीय. मधले अल्बम गाळले असते, तर हे माझ्या कानाला कळलं नसतं.

शेवटी 'बोथ साइड्स नाऊ' हे गाणं दोनदा लावलंत. १९६९ चं, पंचविशीतलं, एक गिटार आणि निर्मळ उंच गळा. मग २००० चं, व्हिन्स मेंडोझाच्या ऑर्केस्ट्रासोबत, आवाज किती तरी खाली आलेला, खरखरीत. "आवाज गेला," मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "ओळ कुठे उचलते ते बघ." पुन्हा ऐकलं. ऑर्केस्ट्रा पुढे सरकतो, ती थांबते, आणि शब्द अगदी शेवटच्या क्षणी टाकते. पंचविशीत तिने ही उसंत घेतलेली नाही.

माझी स्वतःची गाणी बदलू लागली, तेव्हा "पहिल्यासारखं लिही ना" म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांच्याशी वाद न घालता मी तारा उतरवत बसले, ती तुमची शिकवण. नव्या सहा गाण्यांपैकी चार ओपन डीमध्ये आहेत, दोन तर मीच शोधलेल्या ट्यूनिंगमध्ये, ज्याला काय नाव द्यावं ते तुम्हीच सांगा.

'मिंगस' (१९७९) मात्र मला अजूनही पटलेला नाही, सर. तुम्ही कितीही समजावलंत तरी. दिवाळीत पुण्याला येतेय, तेव्हा निवांत भांडू.

तुमची विद्यार्थिनी