पोच मिळाली, भाऊसाहेब

आदरणीय भाऊसाहेब,

सप्रेम नमस्कार.

पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, पण तुमचं नाव घालत नाही. घातलं तर उद्यापासून तुमच्या ओट्यावर पिशवीत कागद घेऊन आलेल्या आईबापांची रांग लागेल आणि वहिनी मला दारात उभं करणार नाहीत. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. सगळी नोकरी एका सीनियर कॉलेजच्या ऑफिसात काढलेला हेडक्लार्क, निवृत्तीनंतरही खिशाला लाल पेन, आपल्या गावात दुसरा आहे कोण?

लिहायचं आणखी एक कारण आहे. लेकीच्या कॉलेजच्या वसतिगृहातली ही गोष्ट गावात फिरत फिरत भलतीच झाली. पोरींनी मोर्चा काढला म्हणे, रेक्टरला खोलीत कोंडलं म्हणे. तसलं काही झालं नव्हतं. उन्हाळ्यात टँकर दिवसाआड यायला लागला आणि मुलींच्या वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावर पाणी चढेना. मुलींनी अर्ज लिहिला, खाली सह्या केल्या आणि रेक्टर मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्या अर्जाचं काय झालं कुणालाच कळलं नाही. पुढच्या आठवड्यात सह्यांतल्या पहिल्या तिघींना खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. कारण काय, तर इतर विद्यार्थिनींना चिथावणी आणि शिस्तभंग. पहिल्याच तिघी का, तर त्यांची नावं वर होती. माझी लेक दुसऱ्या नंबरवर.

आम्हा पालकांना बोलावून घेतलं तेव्हा केबिनमध्ये माफीनामे टाइप करून तयार होते. फक्त नाव आणि सही बाकी. "विषय इथंच संपवू, पोरींच्या भवितव्याचा प्रश्न आहे," असं अगदी मायेनं सांगितलं गेलं. तिसऱ्या मुलीच्या वडिलांनी तिथल्या तिथं सही केली. मी म्हटलं, घरी विचारून सांगते, आणि कोरा माफीनामा घेऊन तडक तुमच्याकडे आले. आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस ताईंनी तुमचं नाव सांगितलं होतं, एवढीच काय ती ओळख.

तुम्ही चहा सांगितला, चष्मा पुसला आणि त्या कागदावरच्या तीन ठिकाणी लाल रेघ ओढली. "माझ्याकडून घडलेल्या गैरवर्तनाबद्दल" इथं एक. "होणारी कारवाई मला मान्य राहील" इथं दुसरी. तिसरी रेघ तुम्ही खालच्या कोऱ्या जागेत ओढली आणि म्हणालात, "गुन्हा कबूल झाला, शिक्षा मान्य झाली. चौकशी कुठंय, ताई?"

मग आदेश मागितलात. माझ्याकडे आदेश नव्हताच. सगळं तोंडी. तेव्हा तुम्ही म्हणालात ते मी वहीत लिहून ठेवलंय: "तोंडी आदेशावर अपील होत नाही. आधी तो त्यांच्याकडून कागदावर आणा."

मी अंगणवाडी सेविका. रजिस्टरं भरण्यात आयुष्य चाललंय, कागदाची भीती मला नाही. पण कागद भरणं वेगळं आणि कागद मागणं वेगळं, हे तुमच्या ओट्यावर कळलं. मी लिहून नेलेल्या पहिल्या अर्जात "माझ्या निष्पाप लेकीवर घोर अन्याय झाला असून" अशी सुरुवात होती. तुम्ही ते वाक्य खोडलंत, त्याच्या पुढचंही खोडलंत. पानभर मजकुरातून पाच-सहा ओळी उरल्या. अमुक तारखेला अर्ज दिला, त्यावर सह्या होत्या. अमुक तारखेला खोली सोडण्यास तोंडी सांगण्यात आले. लेखी नोटीस मिळालेली नाही. खुलासा मागवलेला नाही. कारवाईच्या आदेशाची जावक क्रमांकासह प्रत मिळावी. "अन्याय झाला हे तुम्ही लिहू नका," म्हणालात. "तारखा लिहा. अन्याय त्यांचा त्यांना वाचू द्या."

ऑफिसात क्लार्क पोच देईना. साहेबांना विचारून घेतो म्हणाला, मग साहेब मीटिंगला, मग शिक्का सापडेना. असं होणार हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून भांडले नाही. पोस्टात जाऊन तोच अर्ज स्पीड पोस्टनं पाठवला, लेकीनं प्राचार्यांच्या मेलवरही टाकला. दोन्हीकडून अर्ज आल्यावर तिसरी प्रत घेताना शिक्का लगेच सापडला. आवक क्रमांक घालून मिळाला. तुमच्या तोंडावर त्या दिवशी जे समाधान बघितलं ते मुलगी पास झाल्यावर बापाच्या तोंडावर असतं तसं होतं.

या सगळ्यात माझ्या दिरानं जिल्हा परिषदेच्या सदस्याला फोन लावायचं काढलं होतं. फोन गेला असता तर दोन दिवसांत खोली परत मिळाली असती, हे तुम्हीही नाकारलं नाही. पण तुम्ही विचारलंत, खोली मिळेल, फाइलवरचं "शिस्तभंग" कोण पुसणार? उद्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहायचं, असा प्रश्न निघाला की तीच फाइल वर येणार. तेव्हा सदस्यसाहेब फोन उचलतील का? मला खरं तर इथंच तुमचे आभार मानायचे आहेत. आम्ही खोलीसाठी धावत होतो, तुम्ही आम्हाला फाइलसाठी भांडायला लावलंत.

नियम तुम्ही मला इतके सोपे करून सांगितलेत की आता मी बैठकीत दुसऱ्या सेविकांना सांगते, म्हणून इथंही सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी एप्रिल २०२३ मध्ये नवे विनियम काढले. त्यानुसार कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. एक प्राध्यापक अध्यक्ष, चार ज्येष्ठ अध्यापक सदस्य आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून. अध्यक्ष-सदस्यांत किमान एक महिला हवी, किमान एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातला हवा. अध्यक्ष-सदस्यांची मुदत दोन वर्षं. समितीनं आपला अहवाल शक्यतो कामकाजाच्या १५ दिवसांत द्यायचा आणि त्याची प्रत विद्यार्थ्यालाही द्यायची. पटलं नाही तर निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त ज्येष्ठ प्राध्यापक नाहीतर माजी जिल्हा न्यायाधीश, आणि त्यांनी ३० दिवसांत निकाल द्यावा अशी अपेक्षा. "यातला ‘शक्यतो’ ध्यानात ठेवा," तुम्ही म्हणालात. "आमची ऑफिसं या एका शब्दावर महिने काढतात. पंधरा दिवस संपले की सोळाव्या दिवशी स्मरणपत्र."

आमची बाब त्या तक्रारीत बसते का, ही माझी शंका होती. तुम्ही प्रवेशाच्या वेळी मिळालेलं माहितीपत्रक आणायला लावलंत. त्यात वसतिगृहाच्या पानावर छापलं होतं, २४ तास पाण्याची सोय. माहितीपत्रकात कबूल केलेली सोय न देणं हीसुद्धा विनियमांप्रमाणे तक्रारच, आणि तक्रार केली म्हणून विद्यार्थ्याला त्रास देणं ही वेगळी तक्रार. समितीकडच्या एकाच अर्जात दोन मुद्दे झाले. शेवटच्या पानावर समितीची यादीही छापली होती, कारण ती छापावीच लागते. अध्यक्ष म्हणून ज्या सरांचं नाव होतं ते निवृत्त होऊन गेले होते. आणि सदस्यांत रेक्टर मॅडम! तुम्ही एवढे हसलात की वहिनी बाहेर आल्या.

त्या यादीवरून तुम्ही अर्जात घातलेलं वाक्य असं होतं: "ज्यांच्या अहवालावरून कारवाई झाली, त्यांनी या प्रकरणाच्या निर्णयात सदस्य म्हणून सहभागी होऊ नये, ही विनंती." खाली १९६२ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाची ओळ. उत्तर प्रदेशातल्या परीक्षा मंडळानं गैरप्रकाराच्या ठपक्यावरून काही परीक्षार्थींचे निकाल त्यांचं म्हणणं न ऐकताच रद्द केले होते. न्यायालय म्हणालं, ऐकून घ्या असं नियमात स्पष्ट लिहिलेलं नसलं तरी ज्याच्या आयुष्यावर एवढा परिणाम होणार त्याला बाजू मांडू द्यावीच लागते. साठ वर्षांपूर्वीचा निकाल, आणि आमच्या पोरींना साधी नोटीस नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही ठामपणे नाकारलीत, आणि तेव्हा मला तुमचा थोडा रागच आला होता. पहिल्या मुलीचा मामा म्हणाला, रॅगिंगचा मुद्दा घाला, प्राचार्य सरळ येतील. त्याचं चूक नव्हतं, धाक आहेच तेवढा. १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे रॅगिंगची लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावी लागते, तथ्य दिसलं तर पुढं पोलीस, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची. पण रॅगिंग झालंच नव्हतं. तुम्ही पेनाला टोपण लावलंत आणि म्हणालात, "मग अर्ज मामांनी लिहावा." खोटी तक्रार निघाली तर तक्रार करणाऱ्यावरच कारवाईची शिफारस करायची मुभा लोकपालाला आहे, हे नंतर सांगितलंत. शिवाय उद्या एखाद्या पोरीला खरंच कुणी छळलं तर तिचा कागद कोण वाचणार, असंही म्हणालात. छेडछाडीची बाब असेल तर अंतर्गत तक्रार समिती, रॅगिंगची असेल तर ती वेगळी समिती, पाण्याची असेल तर ही. ज्याचा त्याचा दरवाजा.

समितीची बैठक झाली त्या दिवशी तुम्ही आला नाहीत. तुम्ही आलात तर बाहेरचा माणूस म्हणून तोच मुद्दा होईल, हे तुमचं म्हणणं. म्हणून तिथं काय झालं ते तुम्हाला सविस्तर सांगायचं राहून गेलं. नवे अध्यक्ष नेमले होते, रसायनशास्त्राचे सर. त्यांनी अर्ज मोठ्यानं वाचला, त्या वाक्यापाशी थांबले आणि रेक्टर मॅडमना म्हणाले, "मॅडम, तुमचं म्हणणं वेगळं ऐकू, तोवर बाहेर बसता का?" मॅडम गेल्या. मग त्यांनी माझ्या लेकीला विचारलं, चिथावणी म्हणजे तू नेमकं काय केलंस? ती म्हणाली, "सर, मी मैत्रिणीला पेन दिलं." विद्यार्थी प्रतिनिधीला हसू आवरेना, पण सरांनी ते उत्तर तसंच्या तसं इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगितलं. वर्गात कायम मागच्या बाकावर बसणारी माझी पोरगी समितीतल्या शिक्षकांसमोर इतकं नीट बोलली. त्याचं श्रेय तुमच्या ओट्यावरच्या तालमीला. "विचारलं तेवढंच बोल, आणि बोललीस ते लिहिलं का ते बघ," असं तिला किती वेळा म्हणायला लावलंत!

अहवाल उशिरानं आला, सोळाव्या दिवसाच्या स्मरणपत्रानंतर. कारवाईपूर्वी म्हणणं ऐकलं नाही, सबब आदेश मागे घ्यावा, अशी शिफारस. प्राचार्यांनी आदेश मागे घेतला. शेवटी "विद्यार्थिनींना समज देण्यात येत आहे" ही ओळ घुसवलीच. मी त्यावरही अपील करणार होते. तुम्ही म्हणालात, ऑफिसला तोंड दाखवायला एवढी जागा ठेवावी लागते, ताई. हे मला पटलेलं नाही, अजूनही नाही. पण अहवालात "शिस्तभंग" हा शब्द कुठेच नाही, हे मी दोनदा तपासलं. पाण्याचं विचाराल तर टँकर आता रोज येतो, पंप मात्र अजून जुनाच.

झेरॉक्सचेसुद्धा पैसे तुम्ही घेतले नाहीत. मी वहिनींच्या हातात दिले तर त्यांनी ते लेकीच्या दप्तरात परत टाकले. तुमच्या घराण्याशी व्यवहार करणं अवघड आहे. दिवाळीच्या फराळाला नाही म्हणायचं नाही, एवढंच बजावून ठेवते.

आता काम. तिसऱ्या मुलीचं राहिलंय. माफीनाम्यावर सही असल्यामुळे शिफारस तिला लागू नाही, असं ऑफिस म्हणतंय. ती गावाबाहेर कॉट बेसिसवर राहते आणि वसतिगृहाची अनामत रक्कमही तिला अजून परत मिळालेली नाही. तिच्या वडिलांना तुमच्याकडे यायला संकोच वाटतो, म्हणून दोन अर्जांचे मसुदे मीच केलेत, एक अनामतीचा आणि एक आदेश मागे घेण्याचा. माफीनामा चौकशीआधी, छापील नमुन्यावर घेतला गेला, हा मुद्दा मी दुसऱ्या अर्जात पहिल्याच परिच्छेदात घातलाय. विशेषण एकही नाही, तारखा सगळ्या आहेत. रविवारी सकाळी घेऊन येते. लाल पेन बेतानं चालवा.

तुमची,
अंगणवाडीवाली ताई