काका, तुमचा थर्मामीटर अजून माझ्याकडेच आहे

काका नमस्कार, फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच "जेवला का" विचारून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता बदला विषय!

बाकीच्यांसाठी सांगतो, आमचं घर निफाडला, मागच्या अंगणात जुना सिमेंटचा हौद, ६ बाय ४ फूट आणि अडीच फूट खोल, म्हणजे साधारण १७०० लिटर पाणी, हिटर वगैरे काही नाही. ऑक्टोबरमध्ये मी हौसेने गप्पी आणि एंजल आणून सोडले, दुकानदार म्हणाला बारा महिने टेन्शन नाही. डिसेंबरात थंडी पडली आणि आठवड्याभरात एकेक मासा उलटा व्हायला लागला. मला वाटलं शेजारच्या बागेतली फवारणी उडून पाण्यात आली, आणि द्राक्षबाग कोणाची तर काकांची, मग काय, मी तावातावाने भांडायलाच गेलो.

काका तुम्ही तेव्हा द्राक्षं थंडीतून वाचवायला रात्रभर बागेत शेकोट्या करून जागे होतात, डोळे लाल, पण एक शब्द वाकडा बोलला नाहीत. बागेतला मिनिमम-मॅक्सिमम थर्मामीटर काढून दिलात आणि म्हणालात, "आठ दिवस पहाटे पाणी मोज, मग भांड." मोजलं. हवा ६ अंश तेव्हा पाणी १३. गप्पीला २२-२८ लागतं, एंजलला त्याहून ऊब, ते कुठून टिकणार. भांडण तिथेच मिटलं, माझी मान खाली 🙏

मग तुम्ही जे सांगितलंत ते दुकानात कोणी सांगितलं नव्हतं, की मासा वर्षातल्या सगळ्यात वाईट रात्रीसाठी निवडायचा आणि सगळ्यात वाईट दुपारसाठी पण. साधा गोल्डफिश घे, लांब अंगाचा, एका शेपटीचा, कॉमेट म्हणतात तो, ४-५ अंशाचं पाणी पण काढतो. ओरांडा, मूर असले गोलमटोल घेऊ नको, ते पोहायला मंद, खंड्या आला की पहिले तेच जातात. कोई माशांचा मोह मला फार होता, पण ते दोन फुटांपर्यंत वाढतात, या हौदात त्यांचे हालच. डासांच्या अळ्या खाणारा गॅम्बुशिया मासा थंडी काढेल, पण गोल्डफिशच्या शेपट्या कुरतडतो म्हणून तो पण बाद. शेवटी फक्त ६ कॉमेट, मला वाटलं एवढ्या पाण्यात इतकेच? आता वाटतं बरोबर होतं.

आणि खाणं! पाणी १० च्या जवळ आलं की खायला टाकू नको, त्यांना पचत नाही आणि उरलेलं कुजतं. आई रोज म्हणायची "उपाशी मारतोस का", पण एक पण मेला नाही.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. पाणी ३१ वर, पहाटे सगळे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. मी घाबरून फोन केला, तुम्ही म्हणालात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, त्यात रात्री शेवाळ पण तोच ओढतं, आधी पाणी हलव. कूलरचा जुना पंप लावला, अर्ध्या हौदावर शेडनेट टाकलं, कमळाच्या दोन कुंड्या ठेवल्या, आणि नळाचं पाणी ड्रममध्ये एक दिवस ठेवूनच थोडं थोडं भर घालायला लागलो, क्लोरिन उडून जायला.

तर बातमी ही की पिल्लं झालीत! मातकट निघाली, मला वाटलं कॉमेट म्हणून भलतंच काही गळ्यात मारलं, पण रंग नंतर येतो म्हणे. वीसेक वाचली, बाकीची अंडी आईबापांनीच खाल्ली. तुमच्या शेततळ्यात सोडू का विचारणार होतो, पण पावसाळ्यात ते ओसंडून नाल्याला जातं आणि नाल्यात गोल्डफिश गेले तर तुम्ही मला सोडणार नाही. म्हणून तुमच्या नातीसाठी चार बरणीत काढून ठेवलेत, द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या (फळासाठीची छाटणी) गडबडीतून वेळ मिळाला की या, थर्मामीटर पण घेऊन जा. नाहीतर राहू द्या अजून एक हिवाळा.